पंखाखालचं कुंकू

डोळा लागायच्या बेतात असतो, पण मिटला रे मिटला की शरयूबाईंना ते दात दिसतात. एकेक दात हातभर लांब, ऑइलपेंटचा पांढराफेक, वर लालभडक हिरड्या आणि आत त्याहून लाल जबडा. लढाऊ विमानाच्या नाकाखाली असा मगरीचा आ काढायची अक्कल कुणाची, हे त्यांनी सकाळीच विचारलं होतं. "पोरांना आवडतं, काकी," नगराध्यक्ष संपतराव शेवाळे म्हणाले होते. "सेल्फी पॉइंट होणार आहे आपला."

जेवायला बसल्या तर भात नुसता चिवडला. घोटभर ताक घेतलं आणि कॉटवर आडव्या झाल्या. वर पंखा गरगरतो आहे, बाहेर कुणीतरी गाद्या झोडपतं आहे, आणि शरयूबाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे दात आहेत.

विमान त्यांच्या यजमानांच्या नावाचं आहे. फ्लाइट लेफ्टनंट जयसिंग इंगवले एकाहत्तरच्या डिसेंबरच्या लढाईत गेले तेव्हा शरयूबाईंना पाचवा महिना होता. आता इतक्या वर्षांनी सरकारनं मोडीत निघालेलं त्याच जातीचं एक विमान गावाला दिलं, नगरपालिकेनं ते एसटी स्टँडसमोर खांबावर चढवलं आणि रंगवून घेतलं. उद्या सकाळी अनावरण. पडद्याची दोरी शरयूबाईंच्या हाती द्यायची असं ठरलं आहे.

दातांचंही एकवेळ सोडून देता आलं असतं. पण वैमानिकाच्या बैठकीवरल्या काचेखाली, जिथे त्याचं नाव लिहितात तिथे, शत्रूचे पाच इवलेसे झेंडे ओळीनं काढलेत. ज्यानं शत्रूचं विमान पाडलं त्याच्या विमानावर एकेक झेंडा चढतो, एवढं त्यांना नवऱ्याच्या नोकरीमुळे ठाऊक होतं. जयसिंगरावांनी एकही पाडलं नव्हतं. शरयूबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंसुद्धा. त्यावर संपतराव हसले. "काकी, लोकांना आकडा लागतो हो." मुलगा रणजित पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, कशाला वाद घालतेस? बाबांचंच नाव मोठं होतंय ना?"

मोठं होतंय! बेडकी फुगते तसं. जावं तर त्या खोट्या झेंड्यांखाली उभं राहून टाळ्या ऐकायच्या, आणि न जावं तर म्हणतील, नवऱ्याच्या मानाला बाई आली नाही. शरयूबाईंचं ठरत नाही. त्या कूस बदलतात. उशीचा अभ्रा गार लागतो. गाद्यांचे धपाटे हळूहळू लांब जातात.

रॉकेलचा वास येतो.

घरात रॉकेल येईनासं होऊन जमाना झाला, म्हणून त्या उठून बघायला जातात. मोरीपाशी कुणीतरी पाठमोरं उभं आहे. बिनइस्त्रीचा निळा डगला, मानेवर बारीक कापलेले केस. चिंधीनं हात खसाखसा पुसतं आहे.

"साबण कुठे ठेवलायस?" ते विचारतं.

"कोनाड्यात," शरयूबाई म्हणतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं, की या घराला कोनाडाच नाही. कोनाडा एअरफोर्सच्या क्वार्टरमध्ये होता. आता मोरीही तिथलीच आहे, सिमेंटची, कोपरा फुटलेली.

तो वळतो. हात कोपरापर्यंत हिरवेगार झालेत, डाव्या गालावर कानाखाली एक हिरवा ओघळ आहे. पोरगेलाच आहे. रणजितच्या मोठ्या मुलाला शेजारी उभं केलं तर हाच धाकटा दिसेल. नातवाच्या वयाच्या मुलाला अहो म्हणताना शरयूबाईंची जीभ अडखळते, पण दुसरं काही तोंडात येतही नाही.

"अहो, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. परत जायचंय. सकाळपासून रंगवतोय सगळे." तो त्यांच्याकडे नीट बघतो. "तू म्हातारी झालीस गं."

"झाले. दोघांतल्या कुणीतरी एकानं व्हायलाच हवं होतं."

तो हसतो. हसताना दात दिसतात, माणसाचे, पुढचा एक किंचित वाकडा. शरयूबाईंना एवढा एक दात बघून सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटतं.

"हुकूम आलाय," तो म्हणतो. "उद्या पहाटेपर्यंत एकही विमान चांदीसारखं चकाकताना दिसायला नको. चल, दाखवतो."

स्वयंपाकघराचं दार ओलांडलं की विमानांचा हँगर आहे. पायाखाली काँक्रीट तापलंय आणि शरयूबाई अनवाणी आहेत. दोन्ही बाजूंना विमानं उभी आहेत, अर्धी चांदीची आणि अर्धी मातकट. ज्याच्या हाताला जे लागलंय ते घेऊन जो तो रंग फासतोय. चुना मारायचे कुंचले आहेत, दाढीचे ब्रश आहेत, एक जण तर केरसुणी बुडवतोय. बाजारातून आणलेला हिरवा आणि तपकिरी ऑइलपेंट रॉकेलनं पातळ करून बादल्यांत भरलाय. साहेब कोण आणि सफाईवाला कोण, ओळखू येत नाही.

"अगंबाई, सारवताय की काय?" शरयूबाई म्हणतात.

"सारवतोयच. वरून बघणाऱ्याला शेत वाटलं पाहिजे." तो वाकून विमानाच्या पोटाखाली शिरतो. तिथे फिकट निळा आहे. "आणि खालून बघणाऱ्याला आभाळ. विमान आहे असं कुणाला वाटताच कामा नये. रंगाचं काम तेवढंच."

"मग असे दात काढत नाहीत ना कधी?"

"कसले दात?"

त्या बोट दाखवतात, आणि बोटाच्या टोकाशी खांब आहे. खांबावर विमान आहे. स्टँडवरचा कर्णा सातारा गाडी फलाटावर लागल्याचं सांगतोय, टपरीवर पानाला चुना लागतोय, आणि हँगरमधली माणसं तशीच बादल्या घेऊन चौकातून ये-जा करताहेत. एसटीतून उतरलेली माणसं त्यांना वळसा घालून जातात. कुणाला काही वाटत नाही.

जयसिंगराव कमरेवर हात ठेवून वर बघतात. आधी त्यांना खो खो हसू येतं.

"हे काय गं? दंतमंजनाची जाहिरात?"

"तुमचं स्मारक आहे."

हसू जागच्या जागी थांबतं. तो विमानाभोवती एक फेरी मारतो. मारुतीला मारतात तशी नाही, म्हैस विकत घेणारा मारतो तशी, नाक मुरडत. हिरवा पोपटाच्या पाठीसारखा आहे, तपकिरी चॉकलेटसारखा, आणि वरून व्हार्निश. शेपटीवर ज्वाला काढल्यात, रिक्षाच्या मागे असतात तशा.

"चकाकतंय केवढं!" तो म्हणतो. "पलीकडच्या जिल्ह्यातून दिसेल. लढाईच्या विमानाला कुणी व्हार्निश मारतं का? हे शिकार करायला निघालंय की वरातीला?"

तो जबड्याला हात लावतो. रंग ओला आहे. लाल रंग हिरड्यांवरून ओघळतो, दातांच्या फटींतून ठिबकतो, खांबावरून खाली येतो, आणि खाली येईपर्यंत तो रंग राहिलेला नसतो. पानाची पिंक असते. कात, तंबाखू आणि शिळ्या तोंडाचा भपकारा येतो. शरयूबाई पदर नाकाला लावतात. ओकारी गळ्यापर्यंत येऊन परत जाते.

"शी! शी!" तो हात डगल्याला पुसतो, पुन्हा पुसतो. मग त्याला झेंडे दिसतात. तो ओठ हलवत मोजतो. "हे पाच कुणी काढले?"

"संपतरावांनी."

"कोण संपतराव?"

"पेढेवाले. नगराध्यक्ष आहेत."

"त्यांनी पाच विमानं पाडली?"

"तुम्ही पाडलीत म्हणे."

जयसिंगराव बाजूला वळून थुंकतात. त्यांना थुंकताना शरयूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या शिस्तीचा माणूस. आता तोंडात झुरळ गेल्यासारखा त्यांचा चेहरा झालाय.

"त्या सकाळी मी एक गोळी झाडली नव्हती गं. एक! तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. मी सांगितलं त्यांना."

"आणि?"

"लोकांना आकडा लागतो म्हणाले."

"आकडा पाहिजे का त्यांना? मग एक काढा म्हणावं." तो बोटानं हवेत चौकोन काढतो. "एकच. आणि झेंडा आपला. त्या दिवशी तिथे जे काही पडलं ते आपलं होतं आणि पाडलं तेही आपणच."

कर्णा बोलायचा थांबतो. टपरीवाल्याचा हात चुन्याच्या डबीत तसाच राहतो. हे वाक्य शरयूबाईंनी आजवर असं चारचौघांत कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. रणजितलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. सरकारच्या तारेत शत्रूच्या माऱ्यात गेले असं होतं आणि तेच घरात चालत आलं. खरं त्यांना सांगितलं ते कुट्टीनं.

कुट्टी हा जयसिंगरावांच्या विमानाचा मेकॅनिक, केरळचा. लग्न होऊन शरयूबाई तळावर गेल्या, तेव्हा नवऱ्यानं हौसेनं विमान दाखवायला नेलं होतं. पंखाखाली मोठा तिरंगी गोल होता, बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा. "अय्या, विमानाला कुंकू लावलंय!" शरयूबाई म्हणाल्या होत्या. "कुंकू नाही, राष्ट्रचिन्ह आहे ते," नवरा ओशाळून म्हणाला, पण कुट्टीला तो शब्द फार आवडला. रोज सकाळी फडक्यानं तो गोल पुसून लख्ख करायचा आणि भेटला की म्हणायचा, "वहिनी, कुंगू एकदम फस्क्लास."

लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर तो कुट्टी पत्ता शोधत गावी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "वहिनी, कुंगू मी पुसलं." रंगवायच्या घाईत त्यानं पंखाखालचा गोलही निळ्या रंगानं झाकून टाकला होता. जयसिंगराव परत येताना आपल्याच तळावर अगदी कमी उंचीवरून आले. तोफेवरच्या पोरानं जन्मभर चांदीची, तिरंगी गोलाची विमानं पाहिलेली. त्याला एक अनोळखी, बिनखुणेचं विमान दिसलं. त्यानं तोफ डागली.

शरयूबाईंनी कुट्टीला चहा विचारला नाही. तो गेल्यावर त्यांनी ती खुर्ची अंगणात नेऊन फिनेलनं घासली होती. तिला लागलेला त्याचा वास जाईना असं त्यांना वाटत होतं. पुढे कितीतरी दिवस कुंकवाचा करंडा दिसला की त्यांना त्याच माणसाचा हात आठवायचा आणि अंगावर काटा यायचा.

"कुट्टीनं घात केला," त्या आता म्हणतात. सगळा कडवटपणा जिभेवर येतो. "त्याच्या हाताला किडे पडोत."

"असं बोलू नकोस."

"का नको?"

जयसिंगराव पंखाखाली जाऊन उभे राहतात. मान वर करतात. शरयूबाईही बघतात. जिथे तिरंगी गोल असायचा, तिथे गोल आहे खरा, पण त्यात म्हैस आहे, म्हशीच्या गळ्यात हार आहे, आणि कडेनं लिहिलंय: शेवाळे पेढेवाले, सौजन्य.

"कुट्टीनं नाही पुसलं," तो म्हशीकडे बघतच म्हणतो. "मी सांगितलं त्याला."

"काय सांगितलं?"

"त्यातलं पांढरं उन्हात फार चमकत होतं. म्हटलं, त्यावरूनही मार एक हात. तो म्हणाला, साब, कुंगू? मी म्हटलं, मार रे, वेळ नाही."

शरयूबाईंना आधी वाटतं, आपण नीट ऐकलं नाही. मग ऐकू येतं, आणि पोटातून काहीतरी वर येतं ते आता दातांचं नसतं, पिंकेचं नसतं. समोरच्या पोराचं असतं. हे हिरवे हात, हा शिस्तीचा भांग, हा वाकडा दात. या माणसाच्या नावानं त्या आयुष्यभर दिवा लावत आल्या.

"तुमच्या तोंडानं सांगितलंत? मार म्हणून?"

"घाई होती गं."

"घाई!" तो शब्द त्यांना पायाखाली आलेल्या गोगलगाईसारखा वाटतो. "पोटात पोर होतं माझ्या. आणि तुम्हाला घाई होती! त्या बिचाऱ्या कुट्टीला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या तोफेवरच्या पोराला मी रोज तळतळाट दिले."

"त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर मीही झाडली असती."

"मग चुकलं कुणाचं?"

"माझंच. म्हणून तर सांगायला आलो." तो खाली बघतो. बुटांवर निळ्या रंगाचे थेंब आहेत. "मला हे पाच झेंडे बघवत नाहीत. एक चूक केली ती केली. तिच्यावर हे व्हार्निश नको. ती चूक आहे म्हणून तरी मी आहे गं. हे पुसलं नाहीस तर उद्यापासून मी नाहीच. कुणीतरी दुसराच असेल माझ्या नावाचा. त्यानं पाच पाडली असतील."

शरयूबाईंना राग आहे, चांगला टम्म फुगलेला आहे. पण त्या रागाला निदान एक खरा माणूस मिळालाय. संपतरावांच्या त्या पाच झेंडेवाल्यावर रागावताही आलं नसतं.

"तुम्हीच पुसा की," त्या तुटकपणे म्हणतात. "चिंधी तुमच्याच हातात आहे."

"माझ्यानं निघत नाही. बघ." तो चिंधीनं तळवा खसाखसा घासतो. हिरवा तसूभर हलत नाही. "तेव्हापासून घासतोय."

मोरीवरचा नळ ठिबकतो आहे. कोनाड्यात साबण आहे. चौक कुठे गेला कोण जाणे. दोघं क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आहेत, खिडकीतून धावपट्टीवरचं वाळलेलं गवत दिसतं आहे, आणि तो मुलासारखा मान खाली घालून उभा आहे. कानाखालचा ओघळ अजून ओला आहे. हाच ओघळ गालावर घेऊन गेला असणार त्या पहाटे. आरशात बघायलाही वेळ झाला नसेल.

"या इकडे," शरयूबाई म्हणतात.

त्या पदराचं टोक रॉकेलच्या वाटीत बुडवतात. डाव्या हातानं त्याची हनुवटी धरतात. हनुवटी गरम आहे, दाढीचे खुंट टोचतात. त्या पुसू लागतात, चांगलं रगडून, काही दयामाया न ठेवता.

"हळू गं! सालपटं निघतील."

"निघू देत. उभे राहा नीट."

रंग सुटतो. आधी कडेनं, मग मधून, आणि खालून गाल दिसायला लागतो, तांबूस, साधा. तो डोळे मिटून घेतो.

"कुट्टीला कळवशील?" तो विचारतो.

"जिवंत असला तर कळवीन. नसला तर त्याच्या घरी कळवीन. पण तुम्हाला माफ केलं असं समजू नका हं."

"नाही समजत."

"आणि उद्या मी..."

कुठेतरी घंटा वाजते आहे. तो म्हणतो, बहुतेक निघायची झाली. त्या म्हणतात थांबा, अजून कानामागे राहिलंय, आणि कानामागे पदर नेतात तो हात पुढेच जातो, कान लागत नाही, केस लागत नाहीत, घंटा वाजतच राहते.

पंखा गरगरतो आहे. गाद्या झोडपणारं माणूस आता दारात कुणाशी तरी भांडतं आहे. उशाशी फोन वाजतो आहे. शरयूबाई चाचपून तो कानाला लावतात.

"काकी, झोपमोड केली का?" संपतराव. "म्हटलं आठवण करावी. उद्या साडेनऊला गाडी पाठवतो. आणि पांढरीच साडी नेसा बरं का. वीरपत्नी कशी, फोटोत उठून दिसली पाहिजे."

शरयूबाईंच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं. त्या पदरानं तोंड पुसायला जातात आणि हात अर्ध्यात थांबतो. पदराचं टोक ओलं आहे. त्यावर चार बोटं रुंद हिरवा डाग आहे, आणि खोलीभर रॉकेलचा वास.

त्या पदराचं टोक नाकाशी नेतात.

"काकी? ऐकताय ना?"

"ऐकतेय. दोरी मी ओढीन, संपतराव. पण आज संध्याकाळच्या आत ते पाच झेंडे पुसायचे. दातही. आणि पंखाखालची म्हैस काढून तिथे तिरंगी गोल काढायचा."

"अहो काकी, ऐनवेळी पेंटर कुठला मिळायचा? आणि लोकांना..."

"नाही पुसलंत तर मी माईकवर सांगेन, आमच्या यजमानांना कुणी पाडलं ते. सगळं सांगेन. मग झेंडा एकच काढावा लागेल तुम्हाला, आणि तो कुणाचा, ते विचारा मला तिथे, चारचौघांत."

पलीकडे कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलणं होतं. मग संपतरावांचा आवाज येतो, एकदम नरमलेला, पेढ्याच्या दुकानात उधारीवाल्याशी बोलतात तसा अजिबात नाही.

"पण काकी, तो ऑइलपेंट आहे, पक्का. रॉकेलनं जातो का हो?"

शरयूबाई पदराचं ओलं टोक बोटांत चोळतात. हिरवा बोटांना लागतो.

"जातो," त्या म्हणतात. "मी आत्ताच पुसून आलेय."